सकाळची खिचडी

“गंगादादाचे वडील नांदेडच्या दवाखान्यात पडून होते, तेव्हा त्या दोन लेकरांच्या पोटात जो घास गेला, तो आमच्या घरचा गेला. आमच्या आबांनी त्यांना उपाशी ठेवलं न्हाई, आन् त्याच्या बदल्यात काही मागितलंबी न्हाई. उलट, वाटणी मोडल्यासारखीच होती, ती मोठ्या मनानं पुन्हा करून दिली. असा माणूस होता आमचा आबा.”

माझा चुलतभाऊ दिगंबर याने हे भाषण गेल्या उन्हाळ्यात आपल्या नातीच्या लग्नात, पंगती बसलेल्या असताना, माईक हातात घेऊन केले. कोणीतरी ते मोबाईलवर टिपले आणि घराण्याच्या ग्रुपवर टाकले. त्याखाली जोडलेल्या हातांची रांग लागली. गंगादादा म्हणजे मी, आणि आबा म्हणजे दिगंबरचे वडील, माझे थोरले काका. मी त्या पंगतीत होतो. ताटात बुंदी होती, शेजारी व्याही बसले होते, आणि दुसऱ्याच्या घरचे कार्य नासवायचे नाही हे माझ्या आईने मला शिकवले आहे, म्हणून मी उठलो नाही. पण मी उठलो नाही याचा अर्थ मी मान डोलावली असा कोणी लावू नये. त्या भाषणात तीन विधाने आहेत आणि तिन्ही खोटी आहेत. आम्ही काकांच्या घरचा घास खाल्ला नाही. वाटणी मोडली नव्हती. आणि जी मोडलीच नव्हती, ती पुन्हा करून देण्याइतके मोठे मन कोणाला दाखवताही आले नसते. आता मी जे लिहितो आहे ते त्या ग्रुपवरील धाकट्यांनी वाचावे. वाचून पुन्हा हात जोडायचे असतील, तर निदान कोणासमोर जोडतो आहोत हे त्यांना ठाऊक असावे.

आमच्या भावकीत वाटणी कागदावर होत नसे. ती चुलीवर होत असे. वेगळा निघणारा भाऊ थोरल्या घरच्या चुलीतला विस्तव कवेलूच्या, म्हणजे कौलाच्या, तुकड्यावर घेऊन जाई, नव्या घरी नवी चूल पेटवी, आणि गावाने त्या चुलीचा धूर पाहिला की झाले. रानाचे बांध मग आपोआप पडत. त्याच न्यायाने, वेगळा निघालेला जर पुन्हा थोरल्या चुलीवरचे शिजलेले रोज खाऊ लागला, तर तो परत एकत्र आला असे धरले जाई. कच्चा शिधा कोणाकडूनही घ्यावा, त्याला हरकत नव्हती. शिजलेले घेतले की चूल दुसऱ्याची. हा नियम आज कोणाला हास्यास्पद वाटेल. आम्हाला तो कोर्टाच्या निकालाइतका पक्का वाटत होता. आखाडा बाळापुरात आमचे घर काकांच्या घरासमोर, मध्ये गाडी जाईल एवढी गल्ली. आम्ही वेगळे निघालो तो हंगाम सरला नव्हता. आईने स्वतः चिखल तुडवून, त्यात भुसा घालून ती चूल घातली होती आणि दर आठवड्याला ती पांढऱ्या मातीने पोतारत असे. थोरल्या घरात असताना मूठभर पीठ हवे असले तरी तिला जावेला विचारावे लागे. ‘वैनी, घेऊ का?’ हे तिचे शब्द माझ्या कानात आजही आहेत, कारण ते ती दिवसातून कितीतरी वेळा म्हणत असे. नव्या चुलीपुढे बसल्यावर तिने ते शब्द पुन्हा कधी उच्चारले नाहीत. जे पणाला लागले होते ते हे होते. रान वगैरे नंतरचे.

त्या हिवाळ्यात कापसाची गाडी उलटली आणि बाबांचा पाय चाकाखाली आला. त्यांना नांदेडला नेले, आई सोबत गेली. जाताना ती जीपच्या फळीवर बसली, बाबांचे डोके मांडीवर घेतले आणि मला एवढेच म्हणाली, “गंगाधर, चूल इझू देऊ नको.” मी तेव्हा मिसरूड फुटलेला, अंगापिंडाने बापाएवढा, धाकटी बहीण कुशावर्ता परकर नेसणारी. आम्ही दोघे आणि ती चूल.

आम्ही काय खात होतो हे दिगंबरला ठाऊक नाही, म्हणून तो म्हणतो की आम्ही त्याच्या घरचे खात होतो. तर ऐक, दिगंबर. पहाटेच्या गारठ्यात मी तुऱ्हाट्या, तुरीच्या वाळक्या काड्या, मोडून जाळ करीत असे. कोरड्या तुऱ्हाटीचा मोडताना होणारा आवाज आणि कुशाच्या खोकल्याचा आवाज, यांनी आमचा दिवस सुरू होई. रात्रीची भाकरी उरली असेल तर ती कुस्करून, कांदा-मिरचीच्या फोडणीत परतून, वर पाण्याचा हबका मारून झाकण ठेवायचे. वाफेने ती अशी मऊ होई की ताजी भाकरी टाकून ती खावी. उरली नसेल तर सुशीला : चुरमुरे पाण्यात भिजवून लगेच पिळायचे, जास्त वेळ ठेवले की लगदा, फोडणीत शेंगदाणे लाल होऊ द्यायचे आणि मग चुरमुरे सोडायचे. कधी ज्वारीच्या कण्या शिजवून ताकात. संध्याकाळी बहुतेक पिठलं-भाकरी. भाकऱ्या कुशा थापीत असे. त्या एका बाजूला जाड आणि दुसऱ्या बाजूला कागद, पण फुगत. कधी तुरीच्या वरणात कणकेचे काप सोडून वरणफळं, वर तेलाची धार, बस्स. आज माझी सून असल्या पदार्थांना ‘काही करायचा कंटाळा आला म्हणून केलेलं’ असे म्हणते. तिचे खरे आहे. पण कंटाळ्यातून निघालेल्या स्वयंपाकावरही माणूस ताठ उभा राहतो, हे मी अनुभवाने सांगतो.

पुरुषाने चुलीपुढे बसणे म्हणजे काय, हे तेव्हाच्या गल्लीला विचारावे. दिगंबर रोज सकाळी समोरच्या ओट्यावर राखुंडीने दात घाशीत उभा राही आणि ओरडे, “गंगाबाई, मीठ बराबर पडलं का?” मी पळी घेऊन दारात येई. “ये, चाटून बघ,” मी म्हणे. तो आत पळे. त्याच्या आईने, म्हणजे काकूने, मात्र वाकडे कधी म्हटले नाही हे मी कबूल करतो. ती खरोखर कळवळ्याने रोज संध्याकाळी काहीतरी झाकून दिगंबरच्या हाती पाठवी. आणि मी ते रोज गल्लीतूनच परत पाठवीत असे. “आमी जेवलो.” “काय जेवला? वारा?” “पिठलं.” “वास तर येऊन न्हाई राहिला.” “तुझं नाक चोंदलंय.” हा संवाद असाच्या असा, शब्द इकडेतिकडे करून, कित्येक दिवस चालला. काकूच्या कळवळ्यामागे काका उभे आहेत हे मला कळत होते. ते पारावर बसून सांगू लागले होते, “धाकट्याचं बिऱ्हाड पुन्हा आमच्यातच आल्यासारखं हाय. लेकरं काय करतील? आमीच घालून राहिलो खायला.” एकदा हे पारावर रुजले की बाबा परत येईपर्यंत त्याचे झाड झाले असते.

आणि मग पीठ संपले. ज्वारी होती, पण गावातल्या गिरणीची मोटार जळाली होती, आणि आमच्या जात्याचा वरचा दगड फुटलेला. त्या संध्याकाळी आम्ही शेंगदाणे-गूळ खाऊन राहिलो. नेमकी त्याच संध्याकाळी काकूने खिचडी पाठवली. झाकणाखालून तुपाचा वास येत होता. कुशाने माझ्याकडे पाहिले. मी म्हणालो, “आमी जेवलो.” दिगंबर म्हणाला, “आबा मला मारतेत रे, रोज परत नेली की. घे की गुमान.” मी दार लोटून घेतले. तो पातेले घेऊन गल्लीत बराच वेळ उभा होता. मग त्याची पावले वाजली. घराकडे नव्हे, उकिरड्याकडे.

सकाळी मी परसात चुळा भरीत असताना भिंतीपलीकडून रजियाखाला म्हणाली, “क्या रे गंगाधर, रात कू धुआँ नै दिखा तेरे घर का?” रजियाखाला आमच्या पाठभिंतीची शेजारीण. तिचे यजमान गाद्यांचा कापूस पिंजीत, आणि त्यांच्या धनुकलीचा टणत्कार हा आमच्या दुपारचा आवाज होता. मी पिठाचे सांगितले. ती म्हणाली, “तो खिचडी डाल. सुबू खिचडी खाव तो दुपहर तक भूक नै लगती. हमारे यहाँ रोज सुबू कू येइच.” मी म्हणालो, “खाला, खिचडी सांजंची असती. सकाळी कोन करतं?” ती हसली. “पेट कू घड़ी रहती क्या?” मग भिंतीवरून तांदूळ आणि डाळ अशा दोन वाट्या आल्या. “पका के देती थी मैं, पन तेरा काका सुना तो बोलेगा, अब उनके चूल्हे का खाने लगे. कच्चाच ले.” आमच्या भावकीचा कायदा त्या बाईला भावकीपेक्षा चांगला कळत होता. भिंतीवर हनुवटी टेकून ती सांगत गेली आणि मी करीत गेलो : कांदा तांबूस होऊ दे, हळद जास्त नक्को, पाणी बोटाच्या दुसऱ्या पेरापर्यंत, उकळी आली की लाकडे मागे ओढ. तिच्या घरी तीळ-चिंचेचा खट्टा सोबत असे. आमच्याकडे चिंच नव्हती; तेल-चटणी होती. डाळ तांदळात विरघळून सारे पिवळे, मऊ, सैलसर झाले. आयुष्यात मी पुष्कळ ठिकाणी जेवलो आहे. त्या सकाळच्या वासाला तोड नाही.

आम्ही ताटल्या पुढे ओढल्या आणि दारात काका उभे. त्यांच्या मागे शंकरअप्पा. शंकरअप्पा म्हणजे आमच्या गल्लीतले वडीलधारे, किराणा दुकान चालवीत. दोन भावांच्या मध्ये बोलायला त्यांनाच बोलवायचे अशी रीत होती. त्यांच्या मागे, दाराच्या चौकटीला टेकून, दिगंबर. काका म्हणाले, “बघा अप्पा. तुमच्या डोळ्यांनं बघा.”

अप्पा ओट्यावर टेकले, धाप लागली होती. “चूल पेटती का रे पोरा तुमची?”

“पेटती की. ही काय.”

“पेटती,” काका म्हणाले, “पाणी तापवायला. शिजतं आमच्या घरी.” आणि पातेल्यावरचे झाकण त्यांनी काढले. “ही घ्या. खिचडी. रातची. काल आमच्या घरून दिगूनं आणून दिली, पातेलं रिकामं घेऊन परत आला. ह्यांनी ह्यांच्या भांड्यात काढून घेतली आन् आता ऊन करून राहिले. काय रे दिगू?”

दिगंबर आपल्या अंगठ्याकडे पाहत होता. “व्हय,” तो म्हणाला.

“मी दार लोटलं होतं,” मी म्हणालो. “खिचडी मी घेतली न्हाई. ही मी केली. आत्ता.”

अप्पा पातेल्यात डोकावले. “आरं बाबा, खिचडी सांजंला असती. सकाळच्या पारी खिचडी कोन करतं? तापकऱ्याला बी सांजंला देतेत.”

“रजियाखाला रोज करती,” कुशा म्हणाली. इतका वेळ ती माझ्या पाठीमागे होती.

भिंतीपलीकडून लगेच आवाज आला. “हौ अप्पा! मैंच सिखाई उसकू. अब्बी पकाया लड़का, मेरे सामने.”

“भिंतीची साक्ष धरता का आता?” काका म्हणाले. “शेजारीण हाय, बोलणारच.”

“झूट कायकू बोलूँ मैं? तुम्हारे भाई का घर है, मेरा थोड़ीच है!”

काका तिकडे वळलेच नाहीत. त्यांनी तांब्यातले पाणी हातावर घेतले, चुलीपुढे मांडी घातली, आणि म्हणाले, “अप्पा, चाळीस कोसांवरून माझ्या घरची चव मला कळती.” त्यांनी पातेल्यातून घास उचलला. मला अजून तो घास दिसतो. वाफ निघत होती आणि बोटे भाजत होती, तरी त्यांनी तो तोंडात घातला. डोळे मिटून चावला. मग गळ्यातली तुळशीची माळ डाव्या हाताने धरून ते म्हणाले, “हीच. ह्या माळेची आण, ही माझ्याच घरची खिचडी हाय.” आणि बोलता बोलता त्यांनी दुसरा घास घेतला. पहिला पुराव्यासाठी होता. दुसरा का घेतला, हे त्यांनाच ठाऊक.

काका खोटे बोलले असे मी आजही म्हणत नाही. रिकामे पातेले त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले होते. मुलाच्या शब्दावर त्यांचा विश्वास होता, आणि जी चव त्यांना हवी होती ती त्यांना लागली. माणसाच्या जिभेला एवढे बळ असते.

अप्पा माझ्याकडे वळले. “त्यांनी माळेची आण घेतली. तू घेतो का? बापाची घे. मंग तुझं खरं धरतो.”

लग्नातल्या भाषणानंतर दिगंबरने चारचौघांत आणखी एक शेपूट जोडले : “गंगादादाला आण घ्या म्हटलं, तर त्यानं घेतली न्हाई. खरा असता तर घेतली असती.” होय, मी घेतली नाही. माझा बाप तिकडे लोखंडी खाटेवर पाय टांगून पडला होता. खऱ्यासाठीसुद्धा मी त्याचा जीव त्या पातेल्यावर ठेवणार नव्हतो, आणि ज्याला ही गोष्ट कळत नाही त्याने दुसऱ्याच्या खरेपणाचे माप काढू नये. मी अप्पांना म्हणालो, “आण न्हाई घेत. तुमी उद्या या. परवा या. न सांगता या. चूल बघा, पातेलं बघा, आन् जेवून जा.”

अप्पा उठताना म्हणाले, “दामूला, तुझ्या बापाला, येऊ दे घरी. तवर कुणी काही मोडलं न्हाई आन् कुणी काही जोडलं न्हाई.” काकांनी हात धुतला आणि ते गेले. त्या दिवसापासून बाबा येईपर्यंत प्रत्येक सकाळ मी कान दाराकडे ठेवून काढली. अप्पा खरोखरच येत. कधी सकाळी, कधी दिवेलागणीला, कधी तोंडात घास असताना. एकदा पिठल्यात गाठी झाल्या होत्या. त्यांनी त्या बोटाने फोडून खाल्ल्या आणि गेले. बाबा कुबडीवर घरी आले तेव्हा अप्पांनी पारावर एका वाक्यात सांगितले, “चूल एक दिवसबी इझली न्हाई, मी बघितलंय.” पीठ संपल्याच्या सांजेचे मी त्यांना सांगितले होते; शेंगदाणे भाजायलाही विस्तव लागतो, असे ते म्हणाले. वाटणी राहिली ती अशी राहिली. त्यात काकांच्या मनाचा, मोठ्या वा लहान, काही संबंध नव्हता.

आईला सगळे कुशाने सांगितले. आई चुलीपुढे बसली होती. बाबांसाठी कण्या रटरटत होत्या. तिने मला जवळ बोलावले. “काय काय घातलं होतंस रे त्या खिचडीत?” मी एकेक जिन्नस सांगितला. एका जिनसावर तिचा हात थांबला. तिने लाकूड आत सारले, पदर तोंडाला लावला. ती हसत होती की काय, हे मला धुरात कळले नाही.

“तुझ्या काकांना ठाव हाय?”

“न्हाई.”

“मंग कळू देऊ नको. त्यांनी माळेवर हात ठेवलाय. ते माणूस कोसळंल.”

“आई, ते सांगितलं तर समदं एका क्षणात खरं ठरतंय. काहून सांगू नको?”

“खरं ठरलंय की. चूल जळून राहिली, हे काय.” मग कण्या ढवळीत म्हणाली, “त्या माणसानं आपल्या घरी दोन घास खाल्ले. तेवढे त्याला गोड लागू दे.”

तो शब्द मी पाळला. काका होते तोवर पाळला, आई गेल्यावरही पाळला. काका सज्जन होते, हट्टी होते, आणि त्यांच्या अखेरच्या दुखण्यात मी त्यांच्या उशाशी बसलो आहे. तेव्हाही मी बोललो नाही. दिगंबर गप्प राहिला असता तर हे माझ्याबरोबरच गेले असते. पण माझ्या आईच्या चुलीला, ती नसताना, कोणी माईकवरून विझवावे, हे मी चालवून घेणार नाही. तिने काकांचे मन राखायला सांगितले होते. दिगंबरची फुशारकी राखायला सांगितले नव्हते.

तेव्हा एवढेच. दिगंबरही माळकरी आहे. त्याच लग्नात, भाषणाच्या आधी, त्याने आचाऱ्याला सर्वांसमोर दटावून विचारले होते की वरणात कोणती डाळ आहे. कारण माळकऱ्याला मसूर चालत नाही, आणि त्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या मसूर शिजलेला नाही, हे तो अभिमानाने सांगतो आणि ते अक्षरशः खरे आहे. रजियाखालाने भिंतीवरून दिलेल्या वाटीतली डाळ मसुराची होती.